युद्ध लढलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी तुमची दोस्ती होती का? ते तुम्हाला कशासाठी आठवतात?

होती. वयात चाळीसेक वर्षांचं अंतर होतं, पण ते माझी टिंगल करायचे आणि मी त्यांची, म्हणून दोस्तीच म्हणतो. मी त्यांना आबा म्हणायचो, ते मला मालक.

साताऱ्यात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. नोव्हेंबर हा आमचा सीझन, कारण पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. आबा पहिल्यांदा आले ते त्यासाठीच. मशीनवर अंगठा ठेवला, नापास. दुसरं बोट, नापास. रिटायर झाल्यावर शेतीत राबून दाही बोटं झिजलेली. मी म्हटलं, आबा, हात धुऊन या. धुऊन आले, परत नापास. मागं रांग चुळबुळायला लागली, तसे त्यांच्याकडं वळून म्हणाले, "थांबा रं, माझं जिवंत असणं वरच्या ऑफिसात अडकलंय."

आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण 'मेजर' असतो. आबा हवालदार म्हणून रिटायर झालेले. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "सरकारनं जे प्रमोशन दिलं नाही, ते एसटीच्या कंडक्टरनं दिलं. 'या मेजर, बसा' म्हणला. आणि वर तिकिटाचे पैसे घेतले."

१९७१ला ते जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठा बटालियनमध्ये, साधे शिपाई होते. ही पलटण पूर्व पाकिस्तानात जमालपूरच्या लढाईत होती. तिथली चिठ्ठीची गोष्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. गावाला वेढा पडल्यावर आपल्या ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी ९ डिसेंबरला पलीकडच्या ३१ बलुच या पाकिस्तानी पलटणीच्या कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. त्यानं उत्तरात लिहिलं की पुढच्या वेळी हातात पेन नको, स्टेनगन घेऊन भेटा. आणि सोबत एक गोळी गुंडाळून पाठवली.

आबा हे असं सांगायचे: "आमच्या साहेबानं पत्रिका धाडली. तिकडनं अक्षता आल्या. एकच आली, पण पितळेची."

दुकानातली पोरं हसायची. मग कोणीतरी विचारायचंच, "मग पुढं काय झालं आबा?"

"पुढं काय. लगीन लागलं." आणि चहा सांगायचे.

कितीही वेळा ऐकलं तरी गोष्ट इथंच थांबायची. मी नंतर वाचलं. १० डिसेंबरच्या रात्री ३१ बलुचनं वेढा फोडून बाहेर पडायचा प्रयत्न केला, तो थेट मराठ्यांनी अडवलेल्या रस्त्यावर. अंधारात ते येत राहिले आणि यांच्या मशीनगन चालत राहिल्या. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. उजाडल्यावर त्या रस्त्यावर काय दिसलं असेल, हे मी आबांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी चहाच आला असता. शाळेत भाषणाला बोलावलं की हेच. पोरांना शौर्य हवं असायचं आणि आबा त्यांना ओल्या बुटांनी पायाला आलेल्या फोडांची गोष्ट सांगून परत यायचे. गुरुजी दर वेळी थोडे नाराज.

दारूला ते शिवायचे नाहीत, पण फौजी कँटीनचा बाटल्यांचा कोटा दर महिन्याला न चुकता उचलायचे. कुणाला किती, याचा हिशोब तोंडपाठ. "मालक, मी गेल्यावर गर्दी बघशील. निम्मी कोट्याची असणार हाय." २०२३च्या पावसाळ्यात ते गेले. भर पावसात खरंच खूप लोक आले होते, आणि मी छत्रीखाली उभा राहून कोट्यातले कोण, हे मोजत होतो. मोजताना हसू आलं, तेही आवरेना. शेजारच्याला वाटलं मी रडतोय. अगदीच चूक नव्हतं ते.

बोटांचा प्रश्न मात्र आधीच सुटला होता. चेहरा दाखवून दाखला काढायची सोय आली. मोबाईलसमोर बसायचं आणि सांगितलं की डोळ्यांची उघडझाप करायची. पहिल्या खेपेला काकी, म्हणजे आबांची बायको, सोबत होत्या. आबांनी एकच डोळा मिटला. मी म्हटलं, आबा, दोन्ही. तर काकींकडं बघून म्हणाले, "उभ्या जन्मात परक्या बाईला डोळा मारला नाही, आता ह्या वयात सरकारला मारायला लावतोय हा."

काकी पदर तोंडाला लावून, "गप बसा की वो."

ते गेले त्या वर्षी नोव्हेंबरात काकी नातवाबरोबर आल्या. पेन्शन आता त्यांच्या नावावर झालेली. मी मोबाईल समोर धरला. त्या बराच वेळ नुसत्याच स्क्रीनकडं बघत बसल्या. मला वाटलं समजलं नसेल, म्हणून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या हळूच म्हणाल्या, "एक मारू का दोन्ही?"