मोठी फाइल पाठवली की पोस्ट आणि फाइल्स दोन्ही ॲरे रिकामे येतात, एररही दिसत नाही. पीएचपी कोडमध्ये काय चुकतंय?

कोडमध्ये बहुतेक काहीच चुकत नाहीये. पोस्ट_मॅक्स_साइझ बघा, म्हणजे पीएचपी एका पोस्ट रिक्वेस्टमध्ये किती डेटा घेईल त्याची मर्यादा. ती मुळात ८ एमबी असते. रिक्वेस्ट त्याहून मोठी झाली की पीएचपी नुसती फाइल नाही, अख्खा फॉर्मच टाकून देतं.

मी यात चार दिवस घालवलेत. आमच्या अर्जाला स्कॅन केलेली पीडीएफ जोडायची असायची. काही जणांना सबमिट केल्यावर ‘सेशन संपले, पुन्हा लॉगिन करा’ असं यायचं. सीनियरनी लगेच ठरवून टाकलं, लोक फॉर्म उघडा ठेवून उठून जातात. सेशनची मुदत वाढवली, तक्रारी तशाच. मी म्हणायचो, सर, लॉग उघडू या. उत्तर एकच, ‘एरर असती तर दिसली असती.’

शेवटी तक्रार केलेल्या एका बाईंना मी फोन लावला. फॉर्म त्यांनी पाच मिनिटांत भरला होता, पण बारा पानं मोबाइलवर रंगीत स्कॅन केली होती. तीच फाइल मागवून पाठवली आणि पीएचपीचा लॉग उघडला. वॉर्निंग समोरच होती. कंटेंट-लेंग्थ (पाठवलेल्या डेटाचा आकार) मर्यादेबाहेर, मर्यादा ८३८८६०८ बाइट, फाइलच्या नावाच्या जागी ‘अननोन’, ओळ ०. म्हणजे आमची स्क्रिप्ट सुरू व्हायच्या आधीच सगळं उडालं होतं. सीएसआरएफ टोकन, म्हणजे फॉर्म आमच्याच साइटवरून आलाय हे तपासायचा गुप्त कोड, तेही त्याच फॉर्ममध्ये, तेही गेलं, आणि टोकन नाही म्हणून आमचाच कोड ‘सेशन संपले’ म्हणत होता. त्या बाईंनी तो अर्ज तीनदा भरला होता.

यावर सीनियर म्हणाले, ‘१०० एमबी करून टाक, विषय संपला.’ मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. १०१ एमबीवाल्याला पुन्हा तोच खोटा मेसेज जाणार. मर्यादा हवी तेवढी ठेवा, पण स्क्रिप्टच्या सुरुवातीला, टोकन तपासायच्या आधी बघा: मेथड पोस्ट आहे, कंटेंट-लेंग्थ शून्याहून जास्त आहे आणि दोन्ही ॲरे रिकामे आहेत, तर ‘फाइल फार मोठी आहे’ असं स्वच्छ सांगा. माणसाला खरं कारण कळलं पाहिजे.

मर्यादा आयएनआय_सेट फंक्शनने स्क्रिप्टमधून वाढवायला जाऊ नका, तोवर उशीर झालेला असतो. अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ वेगळी, ती एकेका फाइलची मर्यादा, मुळात २ एमबी. फक्त ती ओलांडली तर फॉर्म शाबूत येतो आणि फाइलच्या एररमध्ये १ दिसतो. तो आकडा न बघता फाइल हलवणारा कोड मी रिव्ह्यूत पास करत नाही.

हो, पीएचपीच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची स्वतःची मर्यादा मुळात १ एमबीच असते. तिथे अडलं तर ४१३ (रिक्वेस्ट फार मोठी) हा एरर कोड येतो, पीएचपीपर्यंत काही पोचतच नाही. आणि छोटी फाइलसुद्धा येत नसेल तर वरचं सगळं सोडा, आधी फॉर्मचा एनकटाइप, म्हणजे डेटा कोणत्या स्वरूपात पाठवायचा ते, बघा.