गद्य म्हणजे काय, विचारलंस म्हणून

तुझ्या टिपणात "गद्य म्हणजे निबंध" असं लिहिलंयस, ते आधी खोड. 'गद्' हा संस्कृत धातू, अर्थ बोलणे. पद्यात पद, म्हणजे चरण सांभाळायचे. गद्याला ते बंधन नाही. बस्स. त्यामुळे कथा, पत्र, बातमी, पंचायतीची नोटीस, सगळं गद्यच. उलट, गोष्ट सांगितली म्हणून मजकूर गद्य होत नाही. गोव्यातल्या रायतूरला १६१६ साली छापलेलं ख्रिस्तपुराण येशूची गोष्टच सांगतं, पण ओव्यांत. म्हणजे पद्य.

गोव्यात मात्र एक गंमत लक्षात ठेव. जत्रेच्या नाटकाबद्दल कुणी "यंदा गद्य आहे" म्हणालं, तर अर्थ इतकाच की त्यात पदं, म्हणजे इथे गाणी, नाहीत. संगीत नाटकातही दोन पदांमधले संवाद गद्यच असतात, पण नाटकाला गद्य म्हणत नाहीत. पहिल्या वर्षी हे न कळून मी गद्य नाटकासाठी पेटीवाल्याला सुपारी देऊन बसलो होतो!

आणि "फार गद्य माणूस" हे रुक्ष माणसाला म्हणतात. परीक्षण लिहिताना हा अर्थ जपून वापर. कवितेला 'गद्यप्राय' म्हटलं की कवी महिनाभर बोलत नाही.