वर्गात शिकवताना सोशल मीडियाचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण काम नेमकं हवं. नुसतं 'व्हिडिओ बघून या' म्हटलं की वेळ वाया. मी प्रकाशसंश्लेषण शिकवून झालं की मुलांना सांगते, आता हेच २८० अक्षरांत बसवा, एक्सवरच्या पोस्टएवढं. आधी कुरकुर, मग 'क्लोरोफिल ठेवू की सूर्यप्रकाश?' यावर भांडणं. कुणाला काय समजलंय ते तिथेच उघडं पडतं. (हे वहीतही जमतं, खातं लागत नाही!)

दुसरं, व्हायरल फोटो गूगल लेन्सवर शोधायला लावा. जुनाच फोटो नव्या घटनेच्या नावाने फिरतोय हे दिसलं की मुलं चाट पडतात.

इन्स्टाग्राम, फेसबुकला किमान वय १३ आहे. त्याहून लहानांना शिक्षकानेच स्वतःच्या स्क्रीनवर दाखवावं. व्हॉट्सॲप ग्रुप मात्र सूचनांपुरताच ठेवा. चर्चा तिथे 'गुड मॉर्निंग'खाली गाडली जाते.