डिफॉल्ट सेटिंग्ज: पूर्वनिर्धारित, मूळ की एरवीच्या?

प्रश्न थोडक्यात असा. एका टीममध्ये बारा जण लिनक्स या संगणकप्रणालीवर काम करतात. सगळ्यांच्या टर्मिनल एम्युलेटरमध्ये (संगणकाला लेखी आज्ञा देण्याच्या खिडकीत) फॉन्ट, रंग आणि मागे साठवायच्या ओळींची संख्या सारखी असावी म्हणून प्रश्नकर्तीने व्यवस्था लावली आणि मराठीत सूचना काढली: ‘टर्मिनलच्या पूर्वनिर्धारित सेटिंग्ज सर्वांसोबत सामायिक केल्या आहेत.’ लगेच एकाने विचारलं, ‘म्हणजे आता आम्हाला बदलता येणार नाहीत?’ दुसरी म्हणाली, ‘फाइल कुठे ठेवली आहे? मला मिळाली नाही.’ तेव्हा शब्द चुकले का, आणि चुकले असतील तर कोणते वापरावेत?

माझ्या मते ‘पूर्वनिर्धारित’ आणि ‘सामायिक’ हे दोन्ही शब्द चुकले. विचारणाऱ्या दोघांनी मराठी अगदी बरोबर वाचलं.

आधी ‘पूर्वनिर्धारित’. लिनक्सच्या मराठी अनुवादांत हा शब्द बरीच वर्षं आहे, त्यामुळे तो घ्यावासा वाटणं साहजिक आहे. पण ‘निर्धारित’ आपण कुठे वापरतो? निर्धारित वेळ, निर्धारित दर, निर्धारित नमुना. यातलं काहीच आपल्या मर्जीने बदलत नाही. त्यात ‘पूर्व’ जोडलं की ललाटीचा लेख झाला. डिफॉल्ट याच्या नेमकं उलट आहे. तो बदलता येतो, आणि तुम्ही बदलेपर्यंतच लागू असतो.

इंग्रजी शब्दाचं मूळ पाहिलं की हे स्पष्ट होतं. जुन्या फ्रेंचमध्ये उणीव, चुकणं, कमी पडणं अशा अर्थाचा जो शब्द होता, त्यातून ‘डिफॉल्ट’ आला. ‘फॉल्ट’ त्याच कुळातला. कर्जाचा हप्ता भरला नाही की डिफॉल्ट, त्याला आपल्या कायद्याच्या भाषेत ‘कसूर’ म्हणतात. प्रतिस्पर्धी मैदानात उतरलाच नाही की डिफॉल्टने विजय, त्याला वर्तमानपत्रांत ‘पुढे चाल’ म्हणतात. संगणकात वापरणाऱ्याने काहीच निवडलं नाही की जे लागू होतं ते डिफॉल्ट. तिन्हीकडे कशाचा तरी अभाव आहे: पैशाचा, माणसाचा, निवडीचा. आपण ‘पुराव्याअभावी’ म्हणतो तसं हे ‘निवडीअभावी’ लागणारं आहे.

हा भाव मराठीत आधीपासून एका साध्या शब्दात आहे, तो म्हणजे ‘एरवी’. ज्ञानेश्वरीत तो ‘एऱ्हवीं’ या रूपात पुन्हा पुन्हा भेटतो. घरात पाहुणे आले की एरवी साखरेचा चहा होतो. एक जण ‘मला बिनसाखरेचा’ म्हणाला की त्याचा एक कप वेगळा निघतो, बाकीचे तसेच राहतात. उद्या घरानेच गुळाचा चहा सुरू केला, तर न सांगणाऱ्या सगळ्यांना गुळाचा मिळेल आणि त्या एकाचा बिनसाखरेचाच राहील. डिफॉल्टचं वागणं याहून नेमकं सांगता येईल असं मला वाटत नाही.

ग्नोम टर्मिनल हा लिनक्सवरचा टर्मिनल एम्युलेटर आतून असाच चालतो. त्याच्या सेटिंग्ज डीकॉन्फ नावाच्या साठ्यात असतात आणि तिथे थर आहेत. सगळ्यांत वर वापरणाऱ्याचा स्वतःचा साठा. त्याखाली व्यवस्थापकाने यंत्रावर ठेवलेला सगळ्यांचा साठा. अगदी तळाशी प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी दिलेली किंमत, म्हणजे त्या सेटिंगसाठी ठरवलेला आकडा किंवा नाव. टर्मिनल वरून शोधत खाली येतं आणि जिथे किंमत सापडेल तिथे थांबतं. तुम्ही अक्षराचा आकार वाढवला तर फक्त तेवढी नोंद तुमच्या साठ्यात जाते. रंगांसाठी ते अजूनही खालीच पाहत असतं.

तीन थरांना तीन शब्द सहज मिळतात. तळातल्या त्या ‘मूळ’ सेटिंग्ज, मधल्या ‘एरवीच्या’, वरच्या ‘स्वतःच्या’. म्हणूनच डिफॉल्टसाठी पुष्कळांनी सुचवलेला ‘मूळ’ हा शब्द इथे अपुरा पडतो. टीमने ठरवलेल्या सेटिंग्ज मूळ नसतात, त्या मुळावर पांघरलेल्या असतात.

शिवाय डीकॉन्फमध्ये व्यवस्थापकाला एखाद्या नोंदीला कुलूप लावता येतं. मग वापरणाऱ्याने काहीही निवडलं तरी ते जुमानलं जात नाही. ‘पूर्वनिर्धारित’ हा शब्द खरं तर या कुलूपबंद सेटिंगला शोभतो. पहिल्या सहकाऱ्याने ‘बदलता येणार नाहीत?’ हे विचारलं ते म्हणूनच.

आता ‘सामायिक करणे’. मोबाइलवरच्या बटणांनी हा प्रयोग रुजवला. ‘सर्वांसोबत सामायिक’ ही रचना तर सरळ इंग्रजीची उचल आहे. मी बोलताना ‘सामाईक’ म्हणते, कारण ‘सामायिक’ म्हटलं की मला जैन परंपरेतली समभावाने बसण्याची साधना आठवते. पण वर्णांपेक्षा अर्थाचा प्रश्न मोठा आहे. सामाईक विहीर, सामाईक भिंत, सातबाऱ्यावरचं सामाईक क्षेत्र. वस्तू एकच, हक्क अनेकांचा. ती कोणी कोणाला ‘पाठवत’ नाही. याउलट ‘वाटणे’. वाटप झालं की प्रत्येकाचा तुकडा वेगळा आणि पुढचा व्यवहारही वेगळा. इंग्रजीत दोन्हीला ‘शेअर’ चालतं. मराठीत वाटणी आणि सामाईक हे एकमेकांच्या विरुद्ध टोकांचे शब्द आहेत, भाऊबंदकीचे अर्धे दावे याच फरकावर चालतात.

टर्मिनलमध्येही हा फरक तितकाच खरा आहे. लिनक्समध्ये ‘स्केल’ नावाचा फोल्डर असतो, स्केल म्हणजे स्केलेटन, सांगाडा. नवीन खातं उघडताना त्यातल्या फाइलींची नक्कल त्या माणसाच्या होम फोल्डरमध्ये जाते. नक्कल एकदाच होते, त्यानंतर त्या फाइली त्याच्या.

पूर्वीच्या एका नोकरीत मी टीमच्या एक्सटर्म या जुन्या टर्मिनल एम्युलेटरच्या सेटिंग्ज अशाच दिल्या होत्या. काही आठवड्यांनी लक्षात आलं की निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. फाइलीच्या नावातल्या ‘हिशेब’च्या जागी चार रिकामे चौकोन दिसत होते. मी सांगाड्यातला फॉन्ट बदलला आणि सुटलं म्हणून निर्धास्त राहिले. नंतर रुजू झालेल्या मुलीला ‘हिशेब’ वाचता आलं. तिच्या शेजारी बसणाऱ्या जुन्या सहकाऱ्याला चौकोनच दिसत राहिले. मी सेटिंग्ज वाटल्या होत्या, सामाईक ठेवल्या नव्हत्या. एक्सटर्म हा १९८४चा प्रोग्रॅम. त्याच्या सामाईक सेटिंग्ज ज्या फोल्डरमध्ये राहतात त्याचं नावच ‘ॲप-डिफॉल्ट्स’ आहे, आणि मी तिथे पाहिलंच नव्हतं.

तुम्ही, म्हणजे प्रश्नकर्तीने, यंत्रावरच्या सगळ्यांच्या साठ्यात बदल केले आहेत. तेव्हा त्या सेटिंग्ज ‘सामाईक ठेवल्या’ आहेत आणि फाइल कोणाला मिळायची नाही. त्याऐवजी तुम्ही फाइल गिटवर (फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या व्यवस्थेत) ठेवून प्रत्येकाला उतरवून घ्यायला सांगितलं असतं, तर ‘दिल्या’ किंवा ‘वाटल्या’ म्हणणं बरोबर झालं असतं.

‘रीसेट’साठी ‘पूर्ववत करा’ लिहू का, असंही तुम्ही विचारलं आहे. इथे लिहू नका. पूर्ववत म्हणजे आधी होतं तसं. डीकॉन्फमधली नोंद रीसेट केली की फक्त तुमची स्वतःची निवड पुसली जाते आणि खालच्या थरात आज जे असेल ते वर येतं. मधल्या काळात टीमने फॉन्ट बदलला असेल तर तुम्हाला नवाच फॉन्ट दिसेल, जुना नाही. ‘स्वतःची निवड काढा’ असं लिहा.

‘एरवी’ला एक मर्यादा आहे. त्याचं क्रियापद होत नाही, आणि पडद्यावरच्या बटणावर एकटा ‘एरवी’ अधांतरी वाटतो. बटणावर ‘डिफॉल्ट’ राहू द्या, तो मराठीत मुरला आहे. टर्मिनल एम्युलेटरलाही प्रतिशब्द शोधत बसू नका. पण माणसांनी माणसांसाठी लिहिलेल्या वाक्यात ‘एरवी’ आणा. तुमची सूचना मी अशी लिहीन:

‘टर्मिनलच्या सेटिंग्ज आता सगळ्यांसाठी सामाईक ठेवल्या आहेत. तुम्ही काही बदललं नसेल तर एरवी याच लागू होतील. स्वतःपुरता बदल केव्हाही करता येईल. कोणतीही फाइल उतरवून घ्यायची नाही.’