बाळ्याचं बिल आणि मोडायला काढलेली एफडी

प्रश्न : आमचा बाळ्या आठ वर्षांचा कॉकर स्पॅनियल. गेल्या महिन्यात ह्यांनी सराफा बाजारातल्या खाऊगल्लीतून आणलेल्या गराडूची (तळलेल्या कंदाची) अर्धी प्लेट त्याने फस्त केली आणि दुसऱ्या दिवसापासून उलट्या. डॉक्टर म्हणाले, पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला सूज. चार दिवस सलाईन, रक्ततपासण्या, सोनोग्राफी. बिल ३८,००० रुपये, क्रेडिट कार्डावर भरलं. तीन वर्षांची ३ लाखांची एफडी (७ टक्के) पाच महिन्यांनी पूर्ण होईल. ह्यांना न सांगता मोडू का? की आता बाळ्याचा विमा काढू? – एक वाचक, इंदूर

ताई, एफडी मोडू नका. मुदतीआधी मोडली की बँक जितका काळ पैसे ठेवले तेवढ्याच मुदतीचा दर देते आणि वर बहुतेक ठिकाणी दंड कापते. एक टक्का धरला तरी साडेसात-आठ हजार गेले. ३८ हजारांसाठी तीन लाखांना कशाला हात लावायचा? त्याच पावतीवर कर्ज काढा. दर एफडीपेक्षा साधारण एक टक्का जास्त, म्हणजे ८. पाच महिन्यांचं व्याज १,२७० रुपयांच्या आसपास. कार्डावर 'किमान रक्कम' भरत बसलात तर साडेतीन टक्क्यांनी एकाच महिन्यात १,३३० रुपये जातील, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणून कर्ज या आठवड्यातच.

विम्याचं लवकर सांगतो : या आजारासाठी उपयोग नाही. आधीपासून असलेला आजार पॉलिसीत वगळलेला असतो, आणि लपवलात तर पुढचा दावाही नाकारला जाईल. आरोग्य विम्याच्या हप्त्यावर आयकरात मिळणारी वजावट घरच्या माणसांसाठी आहे. बाळ्या कितीही घरचा असला तरी आयकर खात्याच्या लेखी नाही.

खरा प्रश्न पुढच्या बिलाचा. या आजारात स्वादुपिंडातली पाचकद्रव्यं आतड्यात पोचायच्या आधीच जागी होतात आणि स्वादुपिंडालाच पचवू लागतात. एकदा झालेला त्रास उलटू शकतो, कॉकरमध्ये तो जुनाट होण्याकडे कल असतो, आणि स्वादुपिंड फार खराब झालं तर मधुमेहही मागे लागतो. म्हणून खर्च दोन भागांत मांडा. कमी चरबीचं खाणं हा दर महिन्याचा खर्च, तो किराण्यातच धरा. शिवाय महिना ३,००० ची आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) बाळ्यासाठी सुरू करा. वर्षात ३६,००० जमतील, म्हणजे जवळपास असंच एक आजारपण.

बचत मात्र स्वयंपाकघरात आहे. तूप लावलेली पोळी, शेव, कचोरीचा तुकडा, सगळं बंद. आमच्याकडे आई पानातला शेवटचा घास कुत्र्याला दिल्याशिवाय उठत नाही, त्यामुळे हे किती अवघड आहे ते मला ठाऊक आहे. बाळ्या पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करून उभा राहिला, किंवा उलटीसोबत खाणं सोडलं, तर वाट न बघता त्याच दिवशी न्या. दुखणं वाढू दिलं की सलाईनचे दिवस वाढतात आणि बिलही. पुढच्या तपासण्यांसाठी महूच्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयात काय खर्च येतो तेही विचारून ठेवा.

आणि हो, पावतीवर दोघांची नावं असतील तर मोडायला काय किंवा कर्जाला काय, बँक बहुधा दोघांच्या सह्या मागेल. तेव्हा ह्यांना सांगावंच लागेल. गराडू कोणी आणले होते, त्याची आठवण आधी करून द्या.