पुण्यात भाड्याने द्यायला ४५ लाखांचा वन बीएचके घ्यावा का? महिना १३,००० भाडं येईल. भाडेकरू ओळखीतला असेल तरी करार नोंदवावा लागतो का?

नोंदवाच. सख्खा मावसभाऊ राहायला येणार असला तरी नोंदवा. फ्लॅट घ्यावा की नाही, ते नंतर बोलू.

२०१३ साली आमचा वारज्याचा फ्लॅट रिकामा झाला तेव्हा मी हेच सांगत होतो. दादाने त्याच्या ऑफिसातल्या एकांचा भाचा आणला. म्हणाला, "घरातलाच पोरगा आहे, त्याला काय अंगठे उठवायला लावतोस?" मी धाकटा, गप्प बसलो. १०० रुपयांचा स्टॅम्प पेपर, नुसता नोटरीचा शिक्का, नोंदणी नाही, ९,००० भाडं, ३०,००० डिपॉझिट रोख, दादाच्या हातात. ११ महिने संपले, पुढचं सगळं तोंडी.

२०१५ मध्ये बाबांची बायपास ठरली आणि फ्लॅट विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक मिळालं, त्याने टोकन दिलं, अट एकच: घर रिकामं हवं. तोवर चार महिन्यांचं भाडं थकलं होतं, लाइट बिल ११,००० वर गेलं होतं. पोरगा म्हणाला, तीन वर्षं राहायचं ठरलं होतं आणि दुसऱ्या वर्षी मी आणखी ७०,००० दिलेत. साफ खोटं. पण वकिलांनी कलम वाचून दाखवलं तेव्हा माझे हातपाय गळाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते ग्राह्य, खोटं आहे हे आपण सिद्ध करायचं. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, तेही आपल्यालाच. लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार) नोंदवलेलं असतं तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (घर रिकामं करून देणारा सरकारी अधिकारी) जाता आलं असतं, भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता आली असती.

शेवटी थकलेलं भाडं सोडलं, वर ४०,००० हातात ठेवले, तेव्हा तो गेला. तोवर गिऱ्हाईक टोकन परत घेऊन गेलं होतं. बाबांचं ऑपरेशन बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून झालं.

दादा अजून म्हणतो, त्या पोराची नोकरी गेली होती, तू माणुसकी सोडून कागद धरून बसतोस. नोकरी गेली होती हे खरं आहे. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या नोंदणीकृत भाडेकरूचं भाडं मी तीन महिने निम्मं केलं. कागद होता म्हणूनच ते निर्धास्तपणे करता आलं. आणि खर्च तो किती? मुदतीचं एकूण भाडं आणि डिपॉझिटवर १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, मनपा हद्दीत १,००० नोंदणी फी. अंगठे घ्यायला माणूस घरी येतो. डिपॉझिट मात्र बँकेतूनच घ्या, आणि चावी देताना मीटरचं रीडिंग आणि भिंतींचे फोटो काढून ठेवा.

आता तुमचं गणित. ४५ लाखांचा फ्लॅट, भाडं १३,००० म्हणता, म्हणजे वर्षाचे १,५६,०००. मेंटेनन्स २,००० धरला तर त्याचे २४,००० गेले, भाडेकरू बदलताना एखादा महिना रिकामा जातोच, घरपट्टी वेगळी (स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याने दिल्यावर जाते). हातात लाखभर, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास. कर्ज काढून घेणार असाल तर घेऊ नका, भाड्यातून हप्ता निघत नाही. रोख असेल आणि पुढे मुलांना राहायला होईल, तर घ्या. सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलेली जादा रक्कम) लावेल, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. जास्त मागितलं तर लेखी मागा. प्राप्तिकरात भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, ती सोडू नका.

हे सगळं राहत्या घराबद्दल. दुकानगाळे आणि मुंबईतली पागडीची घरं यांत मी कधी पडलो नाही. आणि भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरायची, ओळखीतल्याचीसुद्धा.