घरांच्या टंचाईवर संशोधन करायचे आहे, बारावीनंतर काय?

‘मुलगी बारावी विज्ञानला आहे. स्वस्त आणि उन्हाळ्यात न तापणाऱ्या घरांवर संशोधन करायचे, असे ती म्हणते. नातेवाईक म्हणतात, सिव्हिल इंजिनिअरिंग म्हणजे जन्मभर साइटवर उभे राहणे. काय करावे?’ – एक आई, सोलापूर

ताई, मुलीने निवडलेला विषय खरोखर मोठा आहे. २०३० पर्यंत सुमारे ३०० कोटी लोकांना पुरेशा निवाऱ्याची गरज भासेल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. आपल्या शहरांत १.८८ कोटी घरे कमी असल्याचे केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये सांगितले होते, आणि त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक टंचाई दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची होती. त्यामुळे केवळ विटा-सिमेंट स्वस्त करून हा प्रश्न सुटत नाही. जमीन, कर्ज आणि कामापासूनचे अंतर यांचाही अभ्यास लागतो. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रे नगरमध्ये विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची वसाहत उभी राहत आहे. जी बाई घरीच बसून विड्या वळते, तिचे घर हाच तिचा कारखाना असतो; तिथे उजेड व हवा कुठून यावी, हा माझ्या मते संशोधनाचा पहिल्या दर्जाचा विषय आहे.

बांधकाम साहित्याची ओढ असेल, तर सोलापुरातच चार वर्षांचे सिव्हिल करून ‘गेट’ ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा द्यावी आणि एम.टेक.कडे वळावे. चुनखडी व भाजलेली चिकणमाती वापरून कार्बन उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटवणाऱ्या सिमेंटवर दिल्ली, मुंबई आणि मद्रासच्या आयआयटींनी स्वित्झर्लंडमधील संशोधकांबरोबर काम केले आहे. रुरकीची केंद्रीय भवन संशोधन संस्था तर १९४७ पासून याच क्षेत्रात आहे. घराची रचना किंवा वस्तीची आखणी अधिक आवडत असेल, तर वास्तुरचना अथवा नगरनियोजन घ्यावे. त्यासाठी जेईई मेनचा दुसरा पेपर असतो आणि वास्तुरचनेसाठी ‘नाटा’ ही प्रवेश परीक्षाही चालते. मात्र संशोधनात पदव्युत्तर शिक्षण जवळपास अटळ असून घराला हातभार लागायला उशीर होतो. याची तयारी घरच्यांनी आजच करावी.

तोवर येत्या एप्रिल-मे महिन्यांत तिने एक साधा तापमापक घेऊन पत्र्याच्या, स्लॅबच्या आणि जुन्या माळवदाच्या घरातील तापमान सकाळी, दुपारी व रात्री वहीत नोंदवावे. मातीच्या जाड थराचे माळवद दुपारी उष्णता का अडवते आणि स्लॅब रात्रीही का धगधगतो, याचे उत्तर त्या वहीतून शोधताना तिला साहित्य अधिक खुणावते की रचना, हे तिचे तिलाच समजेल. ती वही घेऊन निकालानंतर मला अवश्य भेटावे.